एकाच गावातले दोन शिकारी: राजासॉरस आणि राहिओलीसॉरस एक की दोन?

आपल्या पत्रातला प्रश्न आधी इतर वाचकांसाठी थोडक्यात मांडतो. आपण शिरपूरहून नववीच्या मुलांना घेऊन गुजरातेत बालासिनोरजवळच्या रैयोली गावी डायनोसॉर संग्रहालय पाहायला गेलात. तिथे राजासॉरस नर्मदेन्सिस या मांसभक्षक डायनोसॉरची माहिती मुलांनी टिपून घेतली. परत आल्यावर त्यांच्या वाचनात आले, की त्याच गावच्या खडकातून राहिओलीसॉरस गुजरातेन्सिस या नावाचा दुसरा, जवळपास तेवढाच मोठा आणि त्याच कुळातला शिकारी नोंदवला गेला आहे आणि हे दोन्ही प्राणी खरोखर वेगळे आहेत का, याविषयी शंकाही घेतली गेली आहे. तेव्हा एका मुलाने आपल्याला सरळ अहिराणीत विचारले, "मॅडम, मंग नाव कोन ठेवस?" आणि तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनातल्या तक्त्यावर एक प्राणी काढावा की दोन, हा आपला स्वतःचा प्रश्न त्याला जोडून आला.

माझे उत्तर आधी सांगतो, कारणे नंतर. आज दोन्ही नावे वैध धरून चालावे, परंतु दोन्हींचा पाया सारखाच पक्का आहे असे समजू नये. राजासॉरसचे नाव एका प्राण्याच्या एकत्र सापडलेल्या, बऱ्याच भागांच्या सांगाड्यावर उभे आहे. राहिओलीसॉरसचे नाव अनेक प्राण्यांच्या मिसळलेल्या हाडांतून निवडलेल्या नमुन्यावर उभे आहे. दोन जीवाश्म एकमेकांसारखे दिसतात का, या प्रश्नाने आमच्या कामात फारसे काही साधत नाही, कारण एकाच कुळातले शिकारी एकमेकांसारखे दिसणारच. विचारायचे ते असे, की दोन हाडांत जो फरक दिसतो आहे तो वयामुळे, एकेका जनावराच्या वेगळेपणामुळे किंवा खडकात पडून राहिल्यामुळे झालेला असू शकतो का. ही तिन्ही कारणे वजा केल्यावर जो फरक उरेल, त्यालाच जातीचा फरक म्हणण्याचा अधिकार आहे. पाठ्यपुस्तकातल्या वापराप्रमाणे मी इथे वरच्या पातळीला प्रजाती आणि खालच्या पातळीला जाती म्हणतो. राजासॉरस ही प्रजाती आणि नर्मदेन्सिस ही तिच्यातली जाती.

रैयोलीची हकीगत अशी आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या सुरेश श्रीवास्तव यांनी १९८२ ते १९८४ या काळात तिथे उत्खनन केले आणि प्रत्येक हाड जमिनीत कुठे, कोणत्या दिशेला पडले होते याचा नकाशा काढून ठेवला. या नकाशाचे मोल पुढे जवळपास वीस वर्षांनी कळले. त्या ढिगात लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरांची हाडेही मिसळलेली होती. जेफ्री विल्सन, पॉल सेरेनो, श्रीवास्तव, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली राजासॉरसचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा कोणती हाडे एकाच शिकाऱ्याची असावीत हे त्यांना त्या नकाशाच्या आधारे सांगता आले. कवटीचा मेंदूभोवतीचा भाग, कपाळाच्या हाडांचा बुटका शिंगासारखा उंचवटा, मणके, कंबरेची हाडे आणि मागच्या पायांची हाडे असा हा संच आहे. राहिओलीसॉरसची हाडे त्याच गावच्या परिसरातून १९९० च्या दशकात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या पथकाने काढली आणि फर्नांडो नोव्हास, शंकर चॅटर्जी, धीरज रुद्र आणि पी. एम. दत्ता यांनी २०१० साली त्यांना नाव दिले. किमान सात प्राण्यांची, लहानमोठ्या वयांची हाडे त्यात एकत्र होती. दुसरा प्राणी राजासॉरसपेक्षा सडपातळ पायांचा आहे, हा त्यांच्या मांडणीतला एक मुख्य मुद्दा आहे.

'सडपातळ' हा शब्द ऐकला की माझ्यासारख्या माणसाचे कान टवकारतात. कारण मांसभक्षक डायनोसॉरांमध्ये पायाचे हाड लांबीत वाढते त्याहून अधिक प्रमाणात जाडीत वाढते. वजन लांबीच्या घनाच्या हिशेबाने वाढते, तर हाडाची भार पेलण्याची ताकद त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे वर्गाच्या हिशेबाने. म्हणून जनावर मोठे होऊ लागले की हाडाला तुलनेने अधिक जाड व्हावे लागते. त्यामुळे पोरवयाच्या राजासॉरसची नडगी प्रौढ राजासॉरसच्या नडगीशेजारी ठेवली, तर ती सडपातळच दिसेल. दोन जाती आहेत असे ठरवायचे तर आधी सारख्याच वयाचे प्राणी शेजारी ठेवायला हवेत आणि वय फक्त आकारावरून सांगता येत नाही.

हीच गोष्ट अमेरिकेत किती ताणली गेली याची कथा सांगण्यासारखी आहे, कारण ती नुकतीच नव्या वळणावर आली. १९४२ साली मोंटाना राज्यातल्या हेल क्रीक खडकांत एक छोटी कवटी सापडली. चार्ल्स गिलमोर यांनी तिला गॉर्गोसॉरस लॅन्सेन्सिस म्हटले. ते वर्णन त्यांच्या मृत्यूनंतर १९४६ साली छापले गेले. १९८८ साली रॉबर्ट बॅकर आणि सहकाऱ्यांनी ती कवटी पूर्ण वाढलेल्या, पण लहान चणीच्या प्राण्याची ठरवून तिला नॅनोटायरॅनस हे नवे नाव दिले. पुढे १९९९ साली थॉमस कार यांनी त्या कवटीवरच्या बालवयाच्या खुणा दाखवून सांगितले, की हा वेगळा प्राणी नसून टायरॅनोसॉरस रेक्सचे पोर आहे. २००१ साली सापडलेला 'जेन' हा बऱ्यापैकी पूर्ण सांगाडा या मताला बळ देणारा वाटला. २०२० साली हॉली वुडवर्ड आणि सहकाऱ्यांनी जेन आणि 'पीटी' या दोन प्राण्यांच्या पायांच्या हाडांचे काप तपासले, तेव्हा ते मरताना किमान तेरा आणि पंधरा वर्षांचे होते आणि अजून वाढत होते, असे दिसले. अजून वाढत होते याचा अर्थ मोठे होऊन रेक्स झाले असते, असा अनेकांनी घेतला. तो अर्थ तर्काने सिद्ध होत नव्हता. वाढत असलेले जनावर शेवटी किती मोठे होईल, हे मधल्या कापावरून ठरत नाही.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये लिंडसे झानो आणि जेम्स नेपोली यांनी उत्तर कॅरोलिनाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातल्या, ट्रायसेराटॉप्सच्या सोबत सापडलेल्या सांगाड्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. हा प्राणी सुमारे वीस वर्षांचा होता, त्याची वाढ संपत आल्याच्या खुणा हाडात होत्या आणि त्याचे वजन सुमारे ७०० किलो होते. रेक्स पूर्ण वाढीला याच्या कितीतरी पट भरतो. त्याहून मला अधिक पटलेला मुद्दा हातांचा आहे. या छोट्या प्राण्याच्या हाताची काही हाडे पूर्ण वाढलेल्या अजस्र रेक्सच्या त्याच हाडांपेक्षा प्रत्यक्ष मापातच मोठी आहेत. वाढीच्या काळात हाडाचे प्रमाण बदलते, आकार बदलतो, दातांची संख्याही थोडी कमीजास्त होऊ शकते, परंतु हाताचे हाड वयाबरोबर आखडून लहान होत नाही. हा फरक वयाच्या खाती टाकता येत नाही. याच अभ्यासात जेनलाही रेक्समधून बाहेर काढून नॅनोटायरॅनसची दुसरी जाती, लेथियस, म्हणून नाव देण्यात आले. या दुसऱ्या नावाविषयी मी थोडा सावध आहे. एका प्रजातीचे वेगळेपण सिद्ध करायला लागणारा पुरावा आणि तिच्या आत दोन जाती पाडायला लागणारा पुरावा यांत पुष्कळ अंतर असते.

आता हाडाचा काप करतात म्हणजे काय, ते आपल्या मुलांना सांगता यावे म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मांडीच्या किंवा नडगीच्या हाडाच्या मधल्या भागातून, जिथे भिंत जाड असते, तिथून एक चकती घेतात. त्याआधी त्या भागाची मापे, छायाचित्रे आणि साचा करून ठेवतात, कारण कापलेले हाड पुन्हा अखंड होत नाही. चकतीत रेझिन मुरवतात, हिऱ्याच्या पातीच्या करवतीने तिची एक बाजू सपाट करतात, ती काचपट्टीवर चिकटवतात आणि दुसरी बाजू कार्बोरंडमच्या अधिकाधिक बारीक पुडीवर घासत जातात, इतकी की काप काचेसह छापील कागदावर ठेवला तर खालची अक्षरे वाचता येतात. मग ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली हाडाच्या भिंतीत एकामागून एक रेषा दिसू लागतात. वर्षातल्या प्रतिकूल ऋतूत वाढ थांबली की तिथे अशी रेषा उमटते. तरुण जनावरात रेषांमधले पट्टे रुंद असतात. वाढ संपत आली की बाहेरच्या कडेला रेषा एकमेकींना जवळजवळ टेकून दाटीने येतात. ही बाहेरची दाटी दिसली, तरच 'पूर्ण वाढलेला' हा शब्द वापरावा. आतल्या बाजूच्या जुन्या रेषा मज्जेची पोकळी रुंदावत जाते तशा नाहीशा होतात, म्हणून मोजलेले वय हे नेहमी 'किमान' वय असते. अडचण अशी, की महत्त्वाची ती बाहेरची कडा एखाद-दुसऱ्या मिलिमीटरची असते आणि हाड साफ करताना नेमकी तीच आधी जाते. घाईने टोचणी चालवणाऱ्या विद्यार्थ्याला मी प्रयोगशाळेत हेच सांगत आलो आहे, की तू माती काढत नाहीस, जनावराची शेवटची वर्षे खरवडून टाकतो आहेस.

रैयोलीच्या बाबतीत हा धोका अधिक आहे, कारण तिथली हाडे लॅमेटा खडकांतली आहेत. लॅमेटा थर हे बऱ्याच ठिकाणी चुनखडीयुक्त जुन्या जमिनीचे थर आहेत. अशा जमिनीत पडलेल्या हाडावर चुन्याचे कवच चढते आणि भेगांमध्ये कॅल्साइटचे स्फटिक वाढतात. हे स्फटिक भेग नुसती भरत नाहीत, ते तिला फाकवतात. अशी शंभर बारीक भेगांनी फुगलेली नडगी कॅलिपरने मोजली, तर ती मूळ हाडापेक्षा जाड भरते. उलट, वरचा थर सोलला गेलेली नडगी बारीक भरते. म्हणजे 'दणकट' आणि 'सडपातळ' हा भेद ज्या मापावर उभा आहे, ते मापच खडकाने बदललेले असू शकते. काप घेतला तर भेगांची एकूण रुंदी वजा करता येते. दोन्ही प्राण्यांच्या नडग्या या रीतीने, एकाच हाताने, एकाच पद्धतीने मोजून आणि कापून शेजारी मांडणे ही माझ्या मते या वादातली पहिली परीक्षा आहे. सडपातळ नडगीच्या बाहेरच्या कडेला दाट रेषा निघाल्या, तर तो प्राणी पूर्ण वाढूनही सडपातळ राहिला असे होईल आणि दोन नावे टिकतील. तिथे रुंद पट्टेच निघाले, तर निदान पायांच्या जाडीवर आधारलेला युक्तिवाद सोडून द्यावा लागेल.

वयानंतर येतो एकेका जनावराचा वेगळेपणा. रावेर-यावलच्या पट्ट्यात एकाच जातीची केळी दोन शेतांत लावली आणि एकाचे पाणी चुकले, तर घडाचा आणि फणीचा आकार एवढा बदलतो, की नवख्या माणसाला ते दोन वाण वाटावेत. व्यापारी मात्र फणीच्या लांबीवरून वाण ठरवत नाही. ग्रेगरी पॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ च्या सुरुवातीला मांडले, की आपण ज्याला टायरॅनोसॉरस रेक्स म्हणतो त्यात तीन जाती मिसळल्या आहेत. मांडीच्या हाडाची जाडी आणि खालच्या जबड्याच्या पुढच्या भागातले बारीक दात यांवरून त्यांनी इम्पेरेटर आणि रेजिना ही दोन नवी नावे दिली. त्याच वर्षी कार आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिले. त्यांनी आजच्या ११२ पक्षीजातींतला आणि चार डायनोसॉरांतला फरक मोजून दाखवला, की रेक्सच्या मांडीच्या हाडांमध्ये आढळणारा फरक एका जातीत सहज बसतो. पक्षी हे डायनोसॉरांचे हयात वंशज असल्याने ही तुलना रास्त आहे. ती दोन नवी नावे आता फारशी कुणी वापरत नाही. नर आणि मादी यांच्यातल्या फरकाचाही अशा वेळी आधार घेतला जातो, पण हाडाची जाडी पाहून मांसभक्षक डायनोसॉरचे लिंग सांगण्याची खात्रीची रीत नाही. त्यामुळे 'सडपातळ तो नर, दणकट ती मादी' असे कोणी सांगितले, तर ते सोडून द्यावे.

इथवर वाचून आपल्याला वाटेल, की मी नावे एकत्र करणाऱ्यांच्या बाजूचा आहे. तसे नाही. दुसऱ्या बाजूची चूकही तितकीच सोपी आहे. वाघ आणि सिंह यांचे सांगाडे शेजारी ठेवले, तर कातडे नसताना त्यांच्यात फरक करणे अनुभवी माणसालाही जड जाते. ओळखण्याची एक जुनी खूण अशी, की सिंहाचा खालचा जबडा सपाट टेबलावर ठेवला तर खालच्या कडेच्या बाकामुळे तो डुलतो आणि वाघाचा बहुधा स्थिर बसतो. समजा, साडेसहा कोटी वर्षांनी एका गावच्या खडकातून कुणाला वाघाची कंबर आणि सिंहाची नडगी मिळाली, तर तो दोन्ही एकाच जातीत घालील आणि आपण चुकलो हे त्याला कधी कळणारही नाही. एकाच कुळातले दोन मोठे शिकारी एकाच प्रदेशात राहू शकत नाहीत, हा समजही सोडावा. हेल क्रीकमध्ये रेक्स आणि नॅनोटायरॅनस एकाच काळात राहत होते, असेच २०२५ च्या अभ्यासाचे म्हणणे आहे. नर्मदेच्या खोऱ्यात त्या काळी अवजड टायटॅनोसॉरांचे, म्हणजे लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरांचे, कळप होते, म्हणजे खाद्याची वानवा नव्हती. तेव्हा 'एका गावात दोन कसे?' हा आक्षेप राहिओलीसॉरसविरुद्ध मी कधी वापरणार नाही.

या वादाला आणखी जुनी मुळे आहेत आणि ती जबलपूरला आहेत. तिथल्या बडा सिमला टेकडीवर चार्ल्स मॅटली यांनी १९१७ ते १९१९ या काळात लॅमेटा थरांतून पुष्कळ हाडे काढली. १९२३ साली त्यांनी लॅमेटासॉरस इंडिकस हे नाव एका 'चिलखती' डायनोसॉरला दिले. त्यात कंबरेचा भाग, नडगी, दात आणि चिलखताच्या तकट्या असे एकत्र धरले होते. पुढे लक्षात आले, की तकट्या एका प्राण्याच्या आणि कंबर दुसऱ्याच, मांसभक्षक प्राण्याची. फ्रीड्रिख फॉन ह्यूने आणि मॅटली यांनी १९३३ साली याच टेकडीवरून इंडोसुकस रॅप्टोरियस, इंडोसॉरस मॅटलेयी, लेविसुकस इंडिकस आणि आणखी बरीच नावे प्रसिद्ध केली. त्यांतली कित्येक सुट्या मणक्यांवर दिली होती. इंडोसुकस आणि इंडोसॉरस हे दोन्ही कवटीच्या मागच्या भागावर आधारलेले आहेत. एकाचे कपाळ जाड, दुसऱ्याचे तुलनेने हलके. पुढे काही दशके इंडोसुकसला टायरॅनोसॉरांच्या घरात बसवले जात होते. १९८५ साली अर्जेंटिनातून होसे बोनापार्ते यांनी कार्नोटॉरस आणि नोव्हास यांच्यासह अॅबेलिसॉरस यांची वर्णने केली, तेव्हा हे भारतीय प्राणी कुठले नातेवाईक आहेत ते कळले. आखूड आणि उंच कवटी, नाममात्र हात, कपाळावर खडबडीत हाड किंवा शिंग असे हे अॅबेलिसॉर कुळ दक्षिण अमेरिका, मादागास्कर आणि भारत अशा एकेकाळी जोडलेल्या भूखंडांवर पसरलेले होते. राजासॉरस आणि राहिओलीसॉरस याच कुळातले आहेत.

मादागास्करमधला एक दाखला इथे फार उपयोगी आहे. तिथे १९७९ साली घुमटासारख्या जाड हाडाच्या एका तुकड्याला मजुंगाथोलस असे नाव देऊन तो डोक्याने ढुशी देणाऱ्या शाकाहारी डायनोसॉराचा ठरवला गेला. १९९० च्या दशकात त्याच खडकांतून जवळपास संपूर्ण कवटी निघाली, तेव्हा तो घुमट एका अॅबेलिसॉर शिकाऱ्याच्या कपाळावरचा निघाला. आधीच नाव असलेल्या मजुंगासॉरसमध्ये तो शेवटी सामावला. वाद मिटला तो चर्चेने नाही, तर पूर्ण कवटीने. रैयोलीच्या वादातही शेवटी असेच काहीतरी सापडावे लागेल.

आता आपल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो. नाव कोण ठेवतो? ज्याला नमुना वेगळा वाटतो तो अभ्यासक वर्णन आणि चित्रे छापून नाव देतो, आणि एक नमुना त्या नावाचा धारक म्हणून नेमून देतो. आम्ही त्याला होलोटाइप म्हणतो. प्राण्यांच्या नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, पण दोन प्राणी एकच आहेत की वेगळे, याचा निवाडा करणारी कुठलीही समिती नाही. तो निवाडा अभ्यासक एकमेकांचे पुरावे तपासून, कधी कधी पन्नास वर्षे भांडून करतात. नियम फक्त एवढेच सांगतात, की एकच आहेत असे ठरले तर कोणते नाव उरेल. आधी छापलेले नाव उरते. टायरॅनोसॉरस रेक्स आणि डायनामोसॉरस इम्पेरिओसस ही दोन नावे हेन्री ऑसबॉर्न यांनी १९०५ च्या एकाच लेखात दिली होती. पुढच्याच वर्षी त्यांनी दोन्ही एकच ठरवून टायरॅनोसॉरस हे नाव ठेवले. एकाच लेखातली दोन नावे असली, की पहिल्यांदा जो त्यांना एकत्र करतो त्याची निवड चालते. म्हणून उद्या इंडोसुकस आणि इंडोसॉरस एकच ठरले, तर पहिला एकत्र करणारा जे निवडील ते नाव राहील. राजासॉरस आणि राहिओलीसॉरस एकच ठरले, तर २००३ चे राजासॉरस राहील.

आणि आता गंमत पाहा. उद्या कुणी सिद्ध केले, की जबलपूरची १९२३ ची लॅमेटासॉरसची कंबर आणि रैयोलीची राजासॉरसची कंबर एकाच जातीच्या आहेत, तर नियमाप्रमाणे लॅमेटासॉरसचे नाव वरचढ ठरेल आणि राजासॉरस पुसले जाईल. असे होण्याची शक्यता कमी आहे. लॅमेटासॉरसचा मूळ संच दोन-तीन प्राण्यांचा मिसळलेला होता आणि जबलपूरची बरीच जुनी हाडे आता संग्रहात सापडत नसल्याने छापील चित्रांवरच विसंबावे लागते. चित्रावरून हाडाची मागची बाजू दिसत नाही, काप तर घेताच येत नाही. ज्या नावाचा धारक नमुनाच हातात नाही किंवा वेगळे ओळखता येण्याजोगा नाही, ते नाव आम्ही 'संशयित' म्हणून बाजूला ठेवतो. यात प्राणी नव्हता असे कुणी म्हणत नाही. तो होता, पण त्या नावाने त्याला हाक मारून काही उपयोग होत नाही. ह्यूने आणि मॅटली यांच्या सुट्या मणक्यांवरच्या बहुतेक नावांची आज हीच अवस्था आहे.

आपल्याकडच्या मुलांना एक स्वाभाविक प्रश्न पडेल, की हे सगळे गुजरात आणि मध्य प्रदेशात. खान्देशात का नाही? कारण खान्देश जवळपास सगळा दख्खनच्या काळ्या खडकावर आणि तापीच्या गाळावर वसलेला आहे. लॅमेटा थर या लाव्हाच्या खाली येतात. आपल्या भागात ते लाव्हाच्या जाड थरांखाली गाडलेले असतील, तर ते विहिरीच्या खोलीला लागत नाहीत. शिरपूरहून सेंधवा ओलांडून नर्मदेच्या बाजूला उतरले, की धार जिल्ह्यात बाग-कुक्षीकडे ते उघडे पडतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथल्या ९२ घरट्यांची आणि २५६ अंड्यांची नोंद झाली. ती अंडी टायटॅनोसॉरांची आहेत, शिकाऱ्यांची नाहीत. विहीर खोदताना निघालेले झिओलाइटचे पंख्यासारखे स्फटिक 'डायनोसॉरचा पंजा' म्हणून माझ्याकडे नेहमी येतात. ते सुंदर असतात आणि ते लाव्हाच्या पोकळीत वाढलेले खनिज असते, एवढेच मी सांगतो. तरी नदीकाठी किंवा खाणीत खरोखर हाड वाटणारे काही दिसले, तर ते उपटू नये. जागेवरच पट्टी ठेवून फोटो घ्यावा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला दाखवावा. श्रीवास्तव यांचा नकाशा नसता तर राजासॉरस हा प्राणी आज कागदावर उभाच राहिला नसता.

आता तक्ता. दोन प्राणी काढावेत. राजासॉरसच्या कपाळावर बुटका उंचवटा काढावा. गेंड्यासारखे उंच, टोकदार शिंग काढू नये. राहिओलीसॉरसच्या डोक्यावर शिंग काढूच नये. लहानमोठ्या वयांच्या प्राण्यांत अशा उंचवट्याची वाढ कमीजास्त असते, त्यामुळे त्याच्या असण्या-नसण्यावरून जात सांगता येत नाही. तो काढला नाही तर चुकीचे काही शिकवले जाणार नाही. दोघांचेही हात अगदी आखूड काढावेत. लांबी लिहायची तर राजासॉरसला 'सुमारे साडेसहा मीटर, अंदाजे' असे लिहावे, कारण निरनिराळे अंदाज एकमेकांशी जुळत नाहीत. दोन चित्रांच्या मध्ये त्या मुलाच्याच हाताने एक ओळ लिहून घ्यावी: 'राजासॉरस, २००३: एका प्राण्याचा सांगाडा. राहिओलीसॉरस, २०१०: किमान सात प्राण्यांची हाडे. दोन्ही एकाच जातीचे आहेत का, हे नडगीच्या हाडांचे काप घेऊन तपासता येईल.' परीक्षकांनी 'मग नक्की कोणते?' असे विचारले, तर मुलाने खालच्या बाजूला रंगवलेल्या कापाच्या चित्राकडे बोट दाखवावे आणि बाहेरच्या कडेच्या दाट रेषा काय सांगतात ते समजावून द्यावे. त्या चित्रासाठी नडगीच्या छेदाची मोठी वर्तुळाकृती पुरेशी आहे: मध्ये पोकळी, तिच्याभोवती आधी रुंद पट्टे आणि कडेला एकमेकींना टेकलेल्या चार-पाच रेषा.